उशाशी चार पुस्तके

(एका तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वाचनाविषयी आपल्याकडे जी शिस्त सांगितली जाते तिचे पहिले कलम असे की, हातातले पुस्तक संपविल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नये. शाळेत गुरुजी हेच सांगतात, घरी वडीलधारी माणसे हेच सांगतात आणि वाचनालयातला लेखनिकही, पहिले पुस्तक परत आल्याखेरीज दुसरे न देऊन, आपल्या परीने हेच सांगत असतो. पानात वाढलेले टाकू नये, हा जुना संस्कार या उपदेशामागे आहे. अर्धे वाचून पालथे घातलेले पुस्तक दिसले की घरच्या कर्त्या माणसाला उष्टे टाकल्यासारखे वाटते आणि ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण त्याच्या ओठांवर येते. तरीही प्रत्येक गावात एखादा तरी वाचक असा असतोच की, ज्याच्या उशाशी चार पुस्तके एकाच वेळी चालू असतात. एकात खुणेसाठी पोस्टाचे पाकीट, दुसऱ्यात एस.टी.चे तिकीट, तिसऱ्यात आगकाडी. त्याला कोणी हटकले तर तो चोरून खाताना सापडल्यासारखा ओशाळतो. आजच्या विवेचनाचा हेतू त्याचा हा संकोच घालविण्याचा आहे. आणि हे सुख इतक्या थोड्यांच्याच वाट्याला का येते, असे विचारण्याचाही आहे.

या ‘दोषा’चा सर्वांत नामांकित धनी कार्ल मार्क्स होय. त्याचा जावई पॉल लाफार्ग याने मार्क्सच्या मृत्यूनंतर लिहिलेल्या आठवणींत त्याच्या अभ्यासिकेचे जे वर्णन केले आहे, ते समाजवादाच्या अभ्यासकांनी मुळातून वाचावे असे आहे. तेथे पुस्तके आकाराप्रमाणे लावलेली नसत, आशयाप्रमाणे असत. त्यामुळे एखाद्या जाडजूड ग्रंथाला खेटून फाटके चोपडे उभे असे. पानांचे कोपरे दुमडलेले, समासात पेन्सिलीच्या रेघा, आणि लेखकाचा तोल जेथे सुटला असेल तेथे एखादे उद्गारचिन्ह. थकवा आला की मार्क्स कोचावर आडवा होई व कादंबरी उघडी. कधी कधी तो दोन-तीन कादंबऱ्या आळीपाळीने, एकाच वेळी वाचीत असे, असे लाफार्ग स्वच्छ नमूद करतो. स्कॉट आणि थोरला ड्यूमा त्याच्या आवडीचे; पण सर्व कादंबरीकारांत त्याने वरचे आसन दिले ते सर्व्हांतेस आणि बाल्झॅक या दोघांना.

हा मनुष्य दिवसा काय वाचीत होता हे ध्यानात घेतले म्हणजे रात्रीच्या कादंबऱ्यांचा अर्थ कळू लागतो. १८५० साली ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयाचा परवाना त्याला मिळाला आणि पुढच्या तीन वर्षांत त्याने उताऱ्यांच्या चोवीस वह्या भरल्या. चलन, बँका, खंड, लोकसंख्या, शेतीचे रसायन, वसाहती, स्त्रियांची स्थिती, असे त्या वह्यांतले विषय आहेत. पार्लमेंटच्या चौकशी समित्यांचे आणि कारखाना-निरीक्षकांचे अहवाल हे त्याचे नित्याचे अन्न होते. या निळ्या पुठ्ठ्यांच्या अहवालांची लाफार्गने सांगितलेली हकीकत मोठी बोलकी आहे. काही सभासद त्यांचा उपयोग नेमबाजीसाठी करीत. गोळी किती पानांतून आरपार गेली यावरून बंदुकीचा जोर ठरवीत. इतर काही जण ते रद्दीत घालीत. मार्क्स लाँग एकर भागातल्या रद्दीवाल्यांकडे जाऊन ते स्वस्तात उचलीत असे. कापडगिरणीत सहा वर्षांचे पोर किती तास उभे राहते याची साक्ष ज्या कागदावर छापलेली होती, तो कागद कायदे करणाऱ्यांच्या घरातून वजनावर विकला जात होता, आणि विकला गेला म्हणून ‘भांडवल’ या ग्रंथाला पुरावा मिळाला.

त्या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात एक जागा आहे. मालाच्या उत्पादनखर्चाची चर्चा चालली असता मार्क्स एकाएकी बाल्झॅकच्या ‘शेतकरी’ या कादंबरीकडे वळतो. त्या कादंबरीतला लहान शेतकरी सावकाराची मर्जी राखण्यासाठी त्याची बारीकसारीक कामे फुकट करतो. आपण त्याला काही देत आहोत असे त्या बिचाऱ्याला वाटतच नाही, कारण खिशातून पैसा गेलेला नसतो. सावकाराची मात्र मजुरी वाचते आणि शेतकऱ्याच्या गळ्यातला फासही आवळला जातो. आपल्याकडे ज्याला वेठ म्हणतात तिचे हे मन आहे. वेठीचे तास कोणत्याही अहवालात मोजता येतील. ‘माझे काय गेले?’ असे वेठ करणाऱ्याला का वाटते, हे अहवाल सांगत नाही. ते कादंबरी सांगते. आणि कादंबरी एकटीच वाचली तर तो एका गरीब शेतकऱ्याचा भोळेपणा ठरून वाचक हळहळून पान उलटतो. एकाच टेबलावर दोन्ही उघडी होती म्हणूनच भोळेपणाचे अर्थशास्त्र दिसले.

येथे अर्थशास्त्रातला एक प्राथमिक सिद्धांत आठवतो. पहिल्या भाकरीने जेवढे समाधान होते तेवढे दुसरीने होत नाही, तिसरीने त्याहून कमी; याला घटत्या उपयोगितेचा नियम म्हणतात. पुस्तकांना हा नियम लावून पाहणाऱ्याची फसगत होते. कारण दुसरे पुस्तक ही दुसरी भाकरी नव्हे. ते पहिल्या भाकरीबरोबरचे कालवण आहे. त्याच्या येण्याने पहिल्याची चव वाढते. अर्थशास्त्राच्या परिभाषेत या पूरक वस्तू आहेत, चहा आणि साखर यांसारख्या, आणि पूरक वस्तूंपैकी एकीचाच पुरवठा करणारे दुकान गिऱ्हाइकाला निम्मेच सुख विकत असते. अर्थात कोणतीही दोन पुस्तके पूरक असतात असे नाही. दोन रहस्यकथा एकदम वाचल्या तर एकीतला खून दुसरीतल्या नोकराच्या माथी बसण्याचाच संभव अधिक.

मार्क्सचेच आणखी एक उदाहरण. १८६१ च्या फेब्रुवारीत त्याने एंगल्सला कळविले की, संध्याकाळच्या विरंगुळ्यासाठी आपण ॲपियनचा रोमच्या यादवी युद्धांचा इतिहास मूळ ग्रीकमधून वाचीत आहोत. त्या पत्रात त्याने गुलामांचा पुढारी स्पार्टाकस याची मनापासून थोरवी गायिली आहे आणि प्राचीन काळच्या श्रमिकांचा तो खरा प्रतिनिधी होता असे म्हटले आहे. दोन महिन्यांत अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. त्या वर्षीच्या शरद ऋतूत मार्क्स व्हिएन्नाच्या ‘दी प्रेस’ या पत्रात अमेरिकेतील युद्धाचे मूळ गुलामगिरीत आहे, जकातीच्या वादात नव्हे, असे ठासून मांडीत होता. विरंगुळ्याचे वाचन आणि कामाचे वाचन यांच्यामध्ये भिंत होती, असे यानंतर म्हणवत नाही.

परंतु पुस्तके एकमेकांना भेटतात तो क्षण सगळ्यांत स्पष्टपणे पाहायचा तर तुरुंगातच गेले पाहिजे. पहिल्या महायुद्धाला विरोध केल्याबद्दल रोझा लुक्झेंबुर्ग स्थानबद्ध होती. व्ह्रोंके येथील गढीतून १९१७ च्या मे महिन्यात तिने सोफी लीबक्नेख्टला एक पत्र लिहिले. सोफीचा पती कार्ल हाही तेव्हा तुरुंगातच होता. रोझाचे वाचन त्या दिवसांत वनस्पती आणि प्राणी यांच्यासंबंधी चालले होते. जर्मनीतले गाणारे पक्षी का नाहीसे होत आहेत, याविषयी ती वाचीत होती: शास्त्रशुद्ध वनशेती, बागायत आणि शेती यांनी पोकळ झाडे, पडीक जमिनी, झुडपे, पालापाचोळा एकेक करून साफ केला आणि पाखरांना घरट्यापुरती जागा उरली नाही. हे वाचताना तिला फार मागे, झुरिकच्या विद्यार्थिदशेत वाचलेले एक पुस्तक आठवले. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना सुधारलेल्या माणसांनी त्यांच्या शिकारीच्या रानांतून पायरीपायरीने कसे हुसकावले आणि ते कसे संपत गेले, याची हकीकत प्राध्यापक सीबर यांनी त्यात दिली होती. एक पुस्तक पाखरांचे, एक माणसांचे. दोन्हींत एकच गोष्ट घडत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आले.

पाखरांसाठी रडणारी ही बाई चारच वर्षांपूर्वी भांडवलाच्या संचयावर ग्रंथ लिहिणारी आणि भांडवलशाही स्वतःबाहेरच्या अर्थव्यवस्था गिळून वाढते असा सिद्धांत मांडणारी होती. त्या ग्रंथात हिंदुस्थानातील इंग्रजांचे जमीनधोरण आहे, अल्जीरियातले फ्रेंचांचे आहे. तेव्हा पाखरांचे पुस्तक हा तिच्या अभ्यासातला व्यत्यय नव्हता. राजकारण सोडून ती निसर्गात रमली, असे तिच्या काही चाहत्यांनी कौतुकाने आणि विरोधकांनी कुत्सितपणे म्हटले आहे; दोघांचेही वाचन एकपुस्तकी असावे.

महाराष्ट्रात या प्रकारच्या वाचनाचे सर्वांत तेजस्वी उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. कोलंबिया विद्यापीठात ते अर्थशास्त्राचे विद्यार्थी होते. ९ मे १९१६ रोजी त्यांनी निबंध वाचला तो मात्र मानववंशशास्त्राच्या वर्गात, प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्यापुढे, आणि विषय होता हिंदुस्थानातील जातिसंस्थेची उत्पत्ती व घडण. निबंध उघडला की त्यांच्या टेबलावर काय काय पसरलेले होते ते दिसते. सेनार हा फ्रेंच पंडित, नेसफील्ड आणि रिस्ले हे इंग्रज अधिकारी, आणि आपले डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर, ज्यांचा जातिसंस्थेवरचा इंग्रजी ग्रंथ काही वर्षांपूर्वीच निघाला होता. या चौघांच्या व्याख्या समोरासमोर बसवून तो पंचविशीचा तरुण प्रत्येकीत काय सुटले ते दाखवितो. केतकर सत्याच्या सर्वांत जवळ आले, हे मोकळेपणाने मान्य करतो. आणि जातीबाहेर लग्न न करण्याचा निर्बंध हेच जातीचे मर्म, या निष्कर्षावर येतो. मग जात एका वर्गाकडून दुसऱ्याकडे पसरली कशी? त्यासाठी चौघांपैकी कोणीच कामाचे नाही, म्हणून अनुकरणाचे नियम सांगणारा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ तार्द टेबलावर येतो.

आणखी एक बारकावा पाहण्यासारखा आहे. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या चालींचे स्पष्टीकरण देताना आंबेडकर ‘अतिरिक्त स्त्री’ आणि ‘अतिरिक्त पुरुष’ असे शब्द योजतात. जातीच्या आतच लग्ने लावायची तर लग्नाच्या स्त्रीपुरुषांची संख्या सारखी राखावी लागते. जोडप्यातले एक मेले की दुसरे अतिरिक्त ठरते, आणि त्याची कोठेतरी विल्हेवाट लावणे जातीला भाग पडते. ही जमाखर्चाची भाषा आहे. शिल्लक आणि तूट यांचा दिवसभर अभ्यास करणाऱ्या माणसालाच विधवेच्या चितेत हा हिशोब दिसू शकतो. धर्मशास्त्र वाचणाऱ्यांना तो दिसला नव्हता, मानववंशशास्त्र वाचणाऱ्यांनाही नाही.

हे दुसरे पुस्तक त्यांच्या हाती कोणत्या किमतीला येत होते, तेही सांगितले पाहिजे. मुंबईत विद्यार्थी असताना पुस्तकासाठी पैसे नसले की सुभेदार रामजी आपल्या विवाहित मुलीकडे जात, तिचा दागिना मागून आणीत आणि गहाण ठेवीत. पेन्शन झाले की सोडवीत. चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसणाऱ्या त्या मुलाला कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी हेरले आणि स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. परदेशात पोटाला चिमटा घेऊन जमविलेली ग्रंथसंपदा १९१७ साली वेगळ्या जहाजाने रवाना झाली. ते जहाज युद्धात पाणतीराने बुडाले. त्याच वर्षी ते बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यास गेले तेव्हा अस्पृश्य म्हणून त्यांना बिऱ्हाड मिळेना. नाव बदलून एका पारशी वसतिगृहाच्या निर्जन दालनात, मिणमिणत्या कंदिलापाशी, माणसांची सोबत नव्हती म्हणून त्यांनी पुस्तकांची सोबत केली, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या पारशांनी त्यांना तेथूनही बाहेर काढले.

आणि हे बडोदे कोणते? सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बोर्डेन नावाचा ग्रंथपाल आणवून ज्या राज्यात मोफत वाचनालयांची योजना सुरू केली, खेडोपाडी पुस्तकांच्या पेट्या फिरविल्या, ते. त्या काळी हिंदुस्थानात वाचकाची अशी सोय दुसरीकडे नव्हती. पुस्तके गावोगाव पोहोचली होती. शहराने माणसाला छप्पर दिले नाही. ग्रंथालयाच्या भल्यासाठी बोलणाऱ्यांनी ही जोडी नेहमी जवळ ठेवावी, म्हणजे ग्रंथालयाने सर्व काही साधते असे ते बोलणार नाहीत.

या सवयीची दुसरी बाजूही आहे. बाल्झॅकच्या एका कथेत एक चित्रकार आहे. वर्षानुवर्षे तो एकाच चित्रावर हात फिरवीत राहतो आणि अखेर कापडावर रंगांच्या गर्दीखेरीज काही उरत नाही. ‘भांडवला’चा पहिला खंड छापखान्याकडे जाण्याच्या सुमारास, १८६७ च्या फेब्रुवारीत, मार्क्सने ही कथा वाचण्याची शिफारस एंगल्सला केली होती. स्वतःचेच चित्र त्याला तेथे दिसले असेल का? पुढचे खंड त्याच्या हयातीत निघालेच नाहीत. त्याच्या मृत्यूनंतर कागदपत्रे लावताना एंगल्सला नुसत्या रशियन आकडेवारीची पुस्तके दोन घनमीटरांहून अधिक भरली, आणि ही सामग्री नसती तर दुसरा खंड केव्हाच छापून झाला असता, असे त्याने खेदाने लिहिले. पन्नाशीत रशियन भाषा शिकून मार्क्सने ती पुस्तके जमविली होती. दुसरा खंड १८८५ साली आणि तिसरा १८९४ साली एंगल्सने सिद्ध केला. तेव्हा चार पुस्तके वाचणाऱ्याने एखादा एंगल्स जोडून ठेवावा हे बरे!

तरीही या दोन दोषांत निवड करण्याची वेळ आली तर भाराभर चिंध्यांचा दोष पत्करावा. एकपुस्तकी वाचनाने परिवर्तनाच्या चळवळीचे जेवढे नुकसान केले आहे तेवढे फुटकळ वाचनाने केलेले नाही. एका कार्यकर्त्याच्या पिशवीत मार्क्स, दुसऱ्याच्या पिशवीत गांधी, तिसऱ्याच्या पिशवीत आंबेडकर, आणि तिघेही आपापल्या पिशवीचे तोंड घट्ट आवळून परिसंवादाला आलेले. हे दृश्य महाराष्ट्राच्या ओळखीचे आहे. यांच्यातले कित्येक वाद तत्त्वांचे कमी आणि न वाचलेल्या पानांचे जास्त असतात. आचार्य शं. द. जावडेकरांनी गांधी आणि मार्क्स एकत्र वाचण्याचे धाडस केले, त्यातून १९३८ चा ‘आधुनिक भारत’ आणि सत्याग्रही समाजवादाची मांडणी आली. ती मांडणी कोणाला पटो वा न पटो, ज्यांनी दोहोंपैकी एकच बाजू वाचली होती त्यांना ती मांडताच आली नसती.

मग प्रश्न उरतो तो पुरवठ्याचा. घरात पुस्तकांची कपाटे आहेत त्याला चार पुस्तके एकदम वाचण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. ज्याचे सगळे वाचन सार्वजनिक वाचनालयावर अवलंबून आहे तो मात्र सहसा एका वर्गणीत एकच पुस्तक घेऊ शकतो. दुसऱ्या पुस्तकासाठी दुसरी वर्गणी आणि दुसरी अनामत भरावी लागते. म्हणजे आज ज्या सुखाचे गुणगान चालले आहे त्याच्यावर गरिबासाठी दुप्पट कर आहे. कपाटांना कुलपे आणि पुस्तक मागायचे ते चिठ्ठीवर नाव लिहून, ही पद्धत अजूनही अनेक ठिकाणी आहे. चिठ्ठीवर माणूस जे आधीच ठाऊक आहे त्याचेच नाव लिहितो. शेजारचे पुस्तक, ज्याचे नाव त्याने कधी ऐकलेले नाही, ते त्याला दिसतच नाही. गणिताचे अध्यापक असलेले शि. रा. रंगनाथन मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले तेव्हा त्यांनी कपाटे वाचकांना मोकळी केली, ती याचसाठी.

वाचनालयांची बाजू दुर्बळ नाही, हेही खरे. पुस्तके हरवतात, फाटतात, आणि नवी घेण्यास पैसा नसतो. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा करणाऱ्यांत कोल्हापूर संस्थान देशात पहिले, १९४५ चे. मद्रास प्रांताने १९४८ च्या कायद्यात घरपट्टीवर ग्रंथालय-कर बसविला. त्यामुळे ग्रंथालयांसाठी हक्काची अशी एक रक्कम वेगळी पडू लागली. महाराष्ट्राने १९६७ साली कायदा केला, पण त्यात करच ठेवला नाही. ग्रंथालये अनुदानावर सोपविली. कर आणि अनुदान यांत केवळ हिशोबाचा फरक नाही. कर असला की वाचनालय नागरिकाच्या हक्काचे होते; अनुदान असले की त्याच्या चालकांना दरवर्षी कोणाच्या तरी दाराशी उभे राहावे लागते. अ, ब, क, ड अशा वर्गांत शेवटच्या पंक्तीला बसलेल्या खेड्यातल्या वाचनालयाला, पुस्तके घ्यावीत की ग्रंथपालाला जगण्याइतके वेतन द्यावे, असा पेच पडतो. हा पेच वाचनालयाने निर्माण केलेला नाही, आणि त्याचा भार वाचकावर टाकून तो सुटणारही नाही.

ग्रंथालय-करासाठी विधिमंडळाशी झगडावे लागेल आणि ते काम संघटनेचे आहे, वर्षानुवर्षांचे आहे. दुसरे काम याहून पुष्कळ लहान आहे. विद्यार्थ्याला, शेतमजुराला, घरकाम करणाऱ्या बाईला एका नावावर तीन पुस्तके द्यावीत, तीही अनामत न घेता. आणि आठवड्यातून निदान एक संध्याकाळ कपाटांची कुलपे काढून ठेवावीत. पुस्तके थोडी अधिक हरवतील. त्या हरवलेल्या पुस्तकांची किंमत वर्षअखेरीस मोजून, वर्धापनदिनाच्या मांडवाच्या आणि हारतुऱ्यांच्या खर्चाशी ताडून पाहावी. यासाठी कायदा बदलावा लागत नाही. कार्यकारी मंडळाची एक बैठक पुरते, आणि वर्धापनदिनानंतरची बैठक बहुधा त्याच आठवड्यात असते.